टक्के किती?

महाराष्ट्रातल्या कॉलेजात जाणाऱ्या हाडांचं एक वेळापत्रक असतं आणि ते विद्यापीठाच्या वेळापत्रकापेक्षा जास्त काटेकोरपणे पाळलं जातं. पहिला पाऊस पडला की सिंहगड, लोहगड आणि हरिश्चंद्रगडावर घोटे मुरगळतात. श्रावणात गोविंदा पथकांमधले खांदे आणि मनगटं जातात. गणपतीत ढोल पथकांतल्या पाठी धरतात, दिवाळीच्या तोंडावर डेंग्यू येतो आणि थंडीत गॅदरिंग, क्रिकेट वगैरे, म्हणजे गुडघे. दुचाकी मात्र सणवार न पाळता वर्षभर आपलं काम करत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे या दोन परीक्षांच्या मधे हा सगळा कार्यक्रम असा बसवलेला असतो, की सहा आठवड्यांचं प्लास्टर पहिल्या पेपरच्या दिवशी ऐन भरात असावं.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि परीक्षा समितीवर आहे. परीक्षा समितीवर कुणी निवडून येत नाही. ज्या मीटिंगला आपण नसतो, त्या मीटिंगमध्ये आपली नेमणूक होते. त्यामुळे हात मोडलेली, पाय मोडलेली, कांजिण्या आलेली सगळी प्रजा आधी माझ्या टेबलापाशी येते. सोबत अर्ज असतो आणि अर्जात एकच वाक्य असतं: ‘घरात पाय घसरून पडलो.’

या अर्जांवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्रातली सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे न्हाणीघर. दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी एकाच वस्तीतली सहा मुलं आपापल्या न्हाणीघरात घसरतात. प्रत्येक अपघाताच्या खरं तर तीन आवृत्त्या असतात. मित्रांच्या आवृत्तीत समोरून ट्रक येतो. आईच्या आवृत्तीत गाडी स्टँडवर उभी असते, मुलगाही तिच्या शेजारी नुसता उभा असतो आणि तरी पडतो. तिसरी ही अर्जाची. चौथी डॉक्टरांकडे असते, ती एक्स-रेवरून कळते. पण डॉक्टर सभ्य असतात.

अर्ज घेऊन मुलाला मी कार्यालयातल्या भाऊसाहेबांकडे पाठवतो. खरी परीक्षा तिथे सुरू होते.

“काय हवंय?”

“लेखनिक पाहिजे, भाऊसाहेब. हात मोडलाय.”

“टक्के किती?”

“बारावीला ना? बहात्तर.”

“अपंगत्वाचे टक्के विचारतोय!”

मुलगा आपल्या हाताकडे बघतो. कोपरापासून बोटांपर्यंत सगळं पांढरं आहे, हात गळ्यात अडकवलाय, बोटं कोकमाच्या रंगाची झाली आहेत. याचे टक्के कसे काढायचे? मोडलेली हाडं भागिले एकूण हाडं?

भाऊसाहेबांचा दोष नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये टक्क्यांची चौकट आहे, ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आणि चौकट आली आहे कायद्यातून. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगलाच आहे. त्याने मान्यता दिलेल्या अपंगत्वाच्या प्रकारांची यादी २१ वर नेली आणि सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ ठेवली. पण त्याच्या व्याख्येत अपंगत्व दीर्घकालीन लागतं. प्लास्टरवाला दीर्घकालीन नाही. तो धडधाकटही नाही. कायद्याच्या दृष्टीने तो सध्या कुठेच नाही, फक्त खिडकीसमोर उभा आहे.

मधे सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ थोडी सैल केली. एका डॉक्टरला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता, म्हणजे लिहायला लागलं की हात आखडायचा. त्याला नागरी सेवा परीक्षेला लेखनिक नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने सांगितलं, की ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यावरून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण तीही दीर्घकालीन अडचण असलेल्यांसाठीच. स्कूटरवरून पडलेला मुलगा त्यांतही बसत नाही. त्याचं काय करायचं ते विद्यापीठ ठरवतं, विद्यापीठ ते प्राचार्यांवर सोपवतं, प्राचार्य परीक्षा समितीवर आणि समिती म्हणते, आधी विद्यापीठाला विचारून घ्या.

यात हाडाचा प्रकारही महत्त्वाचा. मनगटात स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. तळहातावर पडलं की ते मोडतं. पण सुरुवातीच्या एक्स-रेत ते मोडलेलं बरेचदा दिसतच नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढला की चीर दिसते. त्याला रक्तपुरवठा उलट्या बाजूने होतो, त्यामुळे जुळायला कधी कधी तीन-तीन महिने घेतं. आधी काही झालंच नाही म्हणायचं, मग झालं हे कबूल करायचं, मग दुरुस्तीला एक सत्र लावायचं. कार्यालयाच्या चालीवर चालणारं दुसरं हाड मानवी शरीरात नसावं. एका मुलीचं नेमकं तेच मोडलं. पहिल्या एक्स-रेचा अहवाल ‘नॉर्मल’ आला, तो तिने प्रामाणिकपणे फाइलला लावला आणि तिथून पुढे भाऊसाहेबांना दुसरा अहवाल दाखवताना ती त्यांच्या लेखी दोन हातांची झाली: एक नॉर्मल, एक संशयित.

समजा, परवानगी मिळाली. आता लेखनिक शोधायचा. तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या इयत्तेचा हवा, त्या विषयाचा नको, आणि तीन तास बसून दुसऱ्याचं लिहायला तयार हवा. या तिन्ही अटींत बसणारा माणूस हॉस्टेलवर सापडतो. त्याची चौथी अट मिसळ असते. पाच पेपर, पाच मिसळी, दोन एक्स्ट्रा पाव, शिवाय पेट्रोल. काही लेखनिक पेपर संपल्यावर ‘मटेरियल अवघड होतं’ म्हणून दर वाढवून मागतात.

लेखनिकवाल्या जोडीला वेगळी खोली द्यावी लागते, कारण बोलण्याचा आवाज इतरांना जायला नको. आमच्याकडे वेगळी खोली म्हणजे भूगोलाची प्रयोगशाळा. तिथे पृथ्वीचे बारके-मोठे गोल, भिंतीवर ज्वालामुखीचा छेद, मधल्या बाकावर एस. वाय.चा राज्यशास्त्राचा मुलगा, त्याच्या शेजारी एफ. वाय.चा लेखनिक आणि पर्यवेक्षक म्हणून मी. तिघांच्यात एक पेपर.

सुरुवात बरी होते. परीक्षार्थी कुजबुजत सांगतो, लेखनिक लिहितो. पंधरा मिनिटांत परीक्षार्थीला सांगण्याची चटक लागते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं प्रत्येक वाक्य उतरवून घेत असतं. आवाज चढतो, भाषेला वजन येतं, तो खुर्चीत मागे रेलतो. “लिही. परिच्छेद. भारतीय राज्यघटना ही... ही... नाही, ही खोड.” लेखनिक खोडतो. “संविधान सभेने राज्यघटना २६ जानेवारी १९४९ रोजी स्वीकारली.”

लेखनिकाचं पेन थांबलं.

त्याने नुकताच पहिल्या सत्रात हा भाग केला होता. स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला आणि जानेवारी आला तो पुढच्या वर्षीचा, अंमलबजावणीचा. हे त्याला पाठ होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आफ्रिका खंडाकडे पाहिलं. नियम स्पष्ट आहे: लेखनिकाने सांगितलं तेच लिहायचं, चूकसुद्धा शुद्धलेखनासकट परीक्षार्थीची.

“का थांबलास?”

“काही नाही, दादा. पेन अडकलं.”

आणि त्याने लिहिलं. इतक्या जड हाताने मी कुणाला जानेवारी लिहिताना पाहिलेलं नाही. पुढचे दोन तास तो मधून मधून मान हलवत होता. पेपर संपल्यावर कॉरिडॉरमध्ये आवाज ऐकू आला, “दादा, माझ्या अक्षरात गेलंय ते! माझ्या अक्षरात!” त्या दिवशी मिसळ घेतली नाही म्हणे त्याने.

वेळेचाही घोळ असतो. दिव्यांग परीक्षार्थींना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्लास्टरवाल्याला द्यायचा का? एक गट म्हणतो द्या. दुसरा म्हणतो, याचा हात मोडलाय, डोकं तर शाबूत आहे ना? तिसरा गट, जो स्टाफरूममध्ये नेहमीच चहापाशी असतो, म्हणतो की याचं डोकं शाबूत असण्याचा पुरावा मागच्या सत्राच्या निकालात तरी दिसत नाही.

लेखनिक न मिळालेला किंवा न मागितलेला वर्ग आणखी वेगळा. डावा हात मोडलेले बिनधास्त येतात. त्यांना वाटतं, आपल्याला काहीच अडचण नाही. अडचण पर्यवेक्षकाला असते, कारण प्लास्टरवर लिहिलेलं असतं.

प्लास्टरची पट्टी १८५२ च्या सुमारास अँटोनियस मॅथाइसेन या डच लष्करी डॉक्टरने आणली, जखमी सैनिकाला हलवता यावं म्हणून. आपल्याकडची पहिली तीन विद्यापीठं १८५७ ची. म्हणजे प्लास्टर विद्यापीठांपेक्षा वयाने मोठं आहे. तरी परीक्षागृहात ते दिसलं की आम्ही प्रथमच पाहत असल्यासारखे गोळा होतो. हातावर कॉपी लिहिलेली चालत नाही हे सर्वांना माहीत आहे. पण प्लास्टर हा हात आहे की कागद?

मागच्या एप्रिलमध्ये असंच एक प्लास्टर आलं. आम्ही तिघांनी ते खालपासून वरपर्यंत वाचलं. ‘लवकर बरा हो भावा.’ ‘मोरया.’ एक बाण गेलेलं हृदय, त्यातलं एक नाव पेनाने गिरवून गिरवून मिटवलेलं. एक मोबाईल नंबर. ‘साडेतीनशे देणं आहे, हात मोडला म्हणून माफ नाही.’ आणि मनगटाच्या आतल्या बाजूला वायूंच्या नियमाचं अख्खं समीकरण.

“हे काय?”

“सर, ते केमिस्ट्रीच्या मित्राने गंमत म्हणून लिहिलंय. माझा पेपर मानसशास्त्राचा आहे.”

खरं होतं. पण वरिष्ठ पर्यवेक्षकांचं म्हणणं पडलं की आज गॅसचं आहे, उद्या फ्रॉइड येईल, झाकून टाका. प्लास्टरवर वर्तमानपत्र गुंडाळलं. ते नेमकं स्पर्धा परीक्षा मार्गदर्शनाचं पान निघालं, म्हणून सोडलं. नॅपकिन पुरेना. शेवटी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचं लाल कापड आणून हात त्यात बांधला, सुतळीची गाठ मारली. लाखेचं सील लावायचं तेवढं राहिलं. त्या मुलाने तीन तास पेपर लिहिला आणि निघताना विचारलं, “सर, हे पण जमा करू का?”

पाय मोडलेल्यांना लेखनिक लागत नाही. त्यांना वरच्या मजल्यावर पोचायचं असतं, आणि आपल्याकडे विद्या नेहमी वरच्या मजल्यावर ठेवतात. हे जुनंच आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाची आणि दीक्षान्त सभागृहाची अशा दोन्ही इमारती गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने लंडनमध्ये बसून काढल्या. कोपऱ्यांतले ते सुंदर गोल जिने त्याने कागदावर चढवले. स्वतः तो मुंबईला कधी आलाच नाही.

आमच्याकडे लिफ्ट आहे. तिच्यावर ‘फक्त प्राध्यापक व कर्मचारी यांच्यासाठी’ अशी पाटी आहे. कुबड्या घेतलेला मुलगा तिच्यासमोर उभा असताना आमचे एक सहकारी पहिल्या मजल्यावर जाण्यासाठी आत शिरले आणि दार मिटता मिटता म्हणाले, “तरुण वयात जिनाच चांगला.” रॅम्पही आहे. कॉलेजला श्रेणी देणारी नॅकची समिती येणार होती तेव्हा बांधला, कारण दिव्यांगांसाठी रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृह वगैरे सोयींचे तिथे गुण असतात. रॅम्प अप्रतिम आहे. तो जिथे संपतो तिथे पाहुण्यांच्या स्वागतासाठी ठेवलेल्या कुंड्या आहेत आणि त्या हलवायला कुणाची सही लागते ते अजून ठरलेलं नाही. त्याच वेळी एक व्हीलचेअर घेतली. तिचं प्लास्टिक काढलेलं नाही. ती दर वर्षी एकदाच बाहेर येते, गॅदरिंगच्या एकांकिकेत म्हाताऱ्या वडिलांसाठी.

म्हणून प्रत्यक्षात व्यवस्था कँटीनची खुर्ची करते. आमचे शिपाईमामा पाय मोडलेला मुलगा फाटकात दिसला की कुणाला न विचारता लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन येतात. चार पोरं चार पाय धरतात. “हळू रे, वळणावर त्याचा पाय बाहेरच्या बाजूला ठेवा,” अशा सूचना देत मामा पुढे आणि पालखी तिसऱ्या मजल्यावर. अर्ज नाही, टक्के नाहीत. मामांनी कॉलेजच्या दोन पिढ्यांचे पाय असे वर पोचवलेत. फक्त हजेरीचा प्रश्न उरतो. ७५ टक्के हजेरीच्या यादीत त्या चार भोयांची नावं कमी भरतात आणि प्रत्येक जण सांगतो, “सर, याला पोचवायला गेलो होतो.” एका सत्रात हे कारण प्लास्टर निघाल्यानंतरही दीड महिना चाललं. खुर्चीतला मुलगा तोवर फुटबॉल खेळायला लागला होता.

प्लास्टर निदान दिसतं. तापाचं तसं नाही. डेंग्यूवाल्याला आल्या आल्या सगळे प्लेटलेट विचारतात, आणि वीस हजारांच्या खाली गेला असेल तर त्याला मान मिळतो. ऐंशी हजारवाल्याने उगाच बोलू नये. काविळीला उसाचा रस आणि सहानुभूती. ‘व्हायरल’ला काहीच नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन डोळ्यांची साथ पुण्यात पसरली तेव्हा अंतर्गत परीक्षेला निम्मा वर्ग काळे गॉगल लावून बसला होता. नजरेला नजर दिली की डोळे येतात, या समजुतीने पर्यवेक्षक भिंतीकडे बघत फिरत होते. ती साथ हाताने पसरते, नजरेने नव्हे, हे प्राणिशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं. सांगताना त्यांनीही भिंतीकडेच पाहिलं. त्या आठवड्यात कॉपी किती झाली हे देवालाच माहीत.

आणि काही अर्ज असे येतात की त्यांत टायफॉइड लिहिलेलं असतं आणि टायफॉइड नसतो. एक मुलगी अर्ज देऊन गेली नाही, उभी राहिली. मग म्हणाली, “सर, झोपच येत नाही. दोन महिने झाले. पण असं लिहिलं तर घरी पत्र जाईल ना?” तिच्या कारणासाठी आमच्या फॉर्ममध्ये चौकट नाही आणि असती तरी तिने ती भरली नसती. टेलि-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला, समुपदेशक मॅडमकडे स्वतः घेऊन गेलो. अर्जावर टायफॉइडच राहिला. न्हाणीघरातल्या घसरण्यावर मी जितका हसतो, तितका या टायफॉइडवर हसू शकत नाही.

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. जानेवारीत बर्फावरून घसरून त्याचा घोटा मोडला, हा मात्र खरंच घसरला होता. त्याने विद्यापीठाच्या साइटवर छोटासा फॉर्म भरला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि दुसऱ्या दिवसापासून एक गोल्फ कार्ट त्याला वर्गाच्या दारापर्यंत सोडायला येऊ लागली. याची मुळं बर्कलीला आहेत. पोलिओ झालेला एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये तिथल्या विद्यापीठात शिकायला आला. रात्री त्याला श्वासासाठी लोखंडी फुप्फुस लागायचं, ते मावेल अशी खोली वसतिगृहात मिळेना, म्हणून तो विद्यापीठाच्या दवाखान्यात राहून शिकला. तो आणि त्याच्यासारखे मित्र भांडत राहिले, १९७० मध्ये तिथे दिव्यांग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला, व्हीलचेअर दुरुस्तीसकट. कायमच्यांनी भांडून जी वाट केली, तिच्यावरून आता आमच्या घराण्यातला एक घोटा फुकट चालला होता.

ताईला हे पटेना. “दारापर्यंत सोडतात? पैसे किती घेतात?”

“काही नाही.”

“मग नक्की काहीतरी सही करून घेतली असणार त्याच्याकडून. तू विचार त्याला.”

विचारलं. त्याची तक्रार वेगळीच होती. “मामा, सगळं मिळालं. पण पडलास कसा, हे एकानेही विचारलं नाही. मी गोष्ट पण तयार ठेवली होती.”

ट्रकची होती म्हणे.

आपल्याकडे ती वेळ येत नाही. पडलास कसा, हे रिक्षावाला विचारतो, झेरॉक्सवाला विचारतो, आणि विचारून झालं की स्वतःच्या मेव्हण्याच्या मांडीतला रॉड सांगतो. घरी मावशी हाडसांधीचा वेल घेऊन येते. आजी नाचणीच्या सत्त्वावर ठाम असते. आणि ज्या घरात आयुष्यात अंडं शिजलं नाही, तिथेही कुणीतरी दबक्या आवाजात पायाच्या सुपाचं नाव काढतं.

स्कॅफॉइडवाल्या मुलीची फाइल दरम्यान विद्यापीठात फिरत होती. तिने वाट पाहून ऑक्टोबरचे पेपर डाव्या हाताने लिहिले. एक विषय राहिला. तपासणाऱ्याला अक्षर लागलं नसावं, किंवा लागलं असावं. जानेवारीत तिचं मनगट मोकळं झालं आणि फेब्रुवारीत लेखनिकाची मंजुरी आली. भाऊसाहेबांनी तिला बोलावून घेतलं.

“इथे सही करा. मंजुरी मिळाल्याची पोच.”

तिने सही केली. उजव्या हाताने, झोकदार. भाऊसाहेबांनी सही पाहिली, हात पाहिला आणि चष्मा वर केला.

“बरा झालात?”

“हो. पण तो राहिलेला विषय एप्रिलला द्यायचाय.”

“मग वापरा की ही मंजुरी. एवढी आली आहे, वाया कशाला घालवायची?”

तिने पत्र उलटं करून मागची बाजूही वाचली.

“भाऊसाहेब, ही मैत्रिणीच्या नावावर करता येते का? तिचा कालच मोडलाय. न्हाणीघरात.”

“येईल,” भाऊसाहेब चौकट उघडत म्हणाले. “टक्के किती तिचे?”